मागे कुणी नाही

"आज पण बाईच आहेत का गं? मग मी उद्याच येते."

प्लायवूडच्या फळीपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा बाई कप विसळत होत्या. फळी कसली, नावाला आडोसा. अलीकडे बेसिन, शेगडी आणि चहाचं सामान. पलीकडे टेबल, फोन, दोन खुर्च्या आणि भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता. बोलणारी बँकेतली होती. गाडी शिकायला लागून तिला फार दिवस झाले नव्हते, पण तोंड उघडायला तेवढे पुरले होते.

"हळू बोल, आत असतील," दुसरी म्हणाली. ही दातांची डॉक्टर.

"असू देत. शिकवतात चांगलं, मी कुठे नाही म्हणते? पण ओरडणं किती! क्लच, क्लच, क्लच! परवा घरी नवऱ्यानं हाक मारली तर माझा डावा पाय आपोआप खाली गेला."

दातांची डॉक्टर फिसकन हसली. "आणि सर?"

"सरांचं काय विचारतेस! त्या दिवशी सिग्नलला मी गाडी बंद पाडली, तीन-तीनदा. मागे नुसता भोंग्यांचा कल्लोळ. आणि सर म्हणतात, 'वाजवू देत. रस्ता कुठे पळून जातोय?' मला तर रडूच आलं बाई. इतकं चांगलं माझ्याशी गाडीत कधी कुणी बोललेलंच नाही."

बाईंनी कप इतका घासला की त्याचा कान हातात आला.

ज्या सरांचे हे गोडवे चालले होते ते बाईंचे यजमान. सगळी गल्ली त्यांना फौजी म्हणायची. वीस-बावीस वर्षं त्यांनी फौजेत अवजड ट्रक चालवले, तेही अशा डोंगरांतून, की रस्ता संपतो तिथून थेट ढगच सुरू होतात. वर्षाकाठी सुट्टीवर यायचे, घरातले गळके नळ दुरुस्त करायचे, लेकीला बाहुली द्यायचे (ती कॉलेजात गेली तरी बाहुलीच) आणि नळ पुन्हा गळायला लागायच्या आत निघून जायचे.

मधल्या काळात बाई गाडी शिकल्या. सासूबाईंचे गुडघे, लेकीची शाळा, बाजारहाट, सगळं दोन टोकांना. आणि शेजारच्या काकांची जुनी गाडी नुसती उभी, कारण काकांना मोतीबिंदू. काका म्हणाले, मी सांगतो, तू चालव. ज्याला समोरचं दिसत नव्हतं त्याच्याकडून बाई शिकल्या. म्हणूनच असेल, त्यांचा भरवसा माणसांपेक्षा आरशांवर जास्त. मग शेजारची एक म्हणाली मला शिकव, तिची नणंद म्हणाली मलाही, आणि असं करत करत एक दिवस गाळ्यावर पाटी लागली: 'सावकाश ड्रायव्हिंग स्कूल'. गाडी एकच. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवून घेतलेला. ती शेजारची सीट बाईंची. तिच्या गादीला बाईंच्या बसण्याचा आकार आला होता, आणि पायाखालच्या रबरी चटईला ब्रेकवाल्या टाचेनं भोक पडलं होतं. अख्ख्या घरात बाईंची अशी स्वतःची एकही खुर्ची नव्हती.

एकदा सुट्टीवर आलेल्या फौजींना आणायला त्या स्वतः गाडी घेऊन गेल्या होत्या. घरी येईपर्यंत फौजी दोन्ही पायांनी गाडीचा तळ दाबत बसले होते. उतरताना म्हणाले, "बरं चालवतेस." हे 'बरं' बाईंनी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं.

आणि आता तोच माणूस बँकेतलीला दर वळणावर म्हणत होता, "छान! फार छान!"

तसा दोष कुणाचाच नव्हता. फौजी निवृत्त होऊन आले तेव्हा दुसरी नोकरी बघायची असंच ठरलं होतं. टाय बांधून मुलाखतींना गेले. एका ठिकाणी वाहतूक विभागात माणूस हवा होता. तिथला साहेब म्हणाला, तुमचा अनुभव दांडगा आहे, पण आमच्या कामाचा नाही. दुसऱ्या ठिकाणी गोदामाच्या फाटकावर पहारेकरी व्हा म्हणाले. फौजींनी त्या रात्री टाय कपाटात टांगला तो टांगलाच. तेवढ्यात बाईंचा पाय जिन्यावर मुरगळला. "दोन दिवस मी बघतो," फौजी म्हणाले. बाईंचा पाय बरा झाला, पण ते दोन दिवस काही संपेनात. गाडीची किल्ली, जी आधी बाईंच्या पर्समध्ये असायची, ती आता फौजींच्या शर्टाच्या खिशात असायची. मागायची कशी? नवऱ्याच्या खिशात हात घालायला बाईंना कधी संकोच वाटला नव्हता, पण या खिशात हात जाईना. आजची किल्लीसुद्धा फौजी पेन्शनच्या कामाला बाहेरगावी गेले होते म्हणून मिळाली होती.

गाडी हातात आल्या आल्या फौजींनी पहिलं काम काय केलं, तर ती रबरी चटई बदलली. "किती फाटली होती गं!" नवीन चटई काळी कुळकुळीत, पाय ठेवला की चुर्र वाजायची.

बाई आता गाळ्यात बसून फोन घेत. फोनवर लोक विचारत, "सर शिकवणार ना?" बाई म्हणत, "हो, सरच." आणि रिसीव्हर असा ठेवत, की समोरच्याच्या कानात खुट्ट व्हावं.

घरी तर आनंदच होता. रोज संध्याकाळी फौजी गाडी घेऊन आले की गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवत. भोंगा ऐकला की सासूबाई, ज्यांचे गुडघे इतर कुठल्याही कामाला दुखत, त्या टुणकन उठून बाहेर जात. गाडी फाटकातून उलटी आत घ्यायची असे. सासूबाई मागे उभ्या राहत, हात हलवून "ये... ये... ये..." म्हणत आणि गाडी पुरेशी आली की डिकीवर दोन थापा मारत. थाप-थाप. गाडी जागच्या जागी थांबे.

"फौजेत असंच करतात," सासूबाई कौतुकानं सांगत. "मागे माणूस असल्याशिवाय गाडी मागे घ्यायचीच नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"मी इतकी वर्षं एकटीच आत घेत होते," बाई एकदा म्हणाल्या.

"तुझं काय गं, तू घ्यायचीस कशीतरी."

कशीतरी! फाटकाला त्यांनी एकदाही ओरखडा पाडला नव्हता. बाईंनी ताट जरा जोरात सरकवलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. "पोटात दुखतंय का तुझ्या? गरम पाणी पी."

बाई गरम पाणी प्यायल्या. त्यानं कुठे बरं वाटणार होतं!

आणि लेक. हिनं आईकडून गाडी शिकायला साफ नकार दिला होता. "आई, तुझ्या गाडीत इंजिनापेक्षा तुझाच आवाज जास्त." बाप आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेपटीसारखी त्याच्यामागे. रोज सकाळी बापलेक निघत, आधी गाडीभोवती एक फेरी मारत, टायर दाबून बघत, दिवे लावून बघत, जणू समोर खरंच ढग वाट बघतायत. परत येत ते हसत. काय झालं विचारलं की लेक म्हणे, "तुला नाही कळायचं, आमचा जोक आहे." आमचा! जिला नऊ महिने पोटात आणि पुढे अठरा वर्षं डोक्यावर वागवली, तिचं 'आमचं' आता दुसरीकडेच होतं. बापाचं प्रेम मिळतंय लेकीला, आईनं खूश व्हायला हवं, हे बाईंना कळत होतं. कळत होतं, म्हणूनच जास्त जळत होतं.

लायसन्सची परीक्षा जवळ आली. फौजींच्या हाताखालचे चौघे बसणार होते: बँकेतली, दातांची डॉक्टर, एक पाट्या रंगवणारा पेंटर, आणि लेक. एक दिवस फौजी चष्मा गाळ्यातच विसरले, म्हणून बाई तो घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात गेल्या. तिथे काठ्या रोवून गाडी मागे घ्यायचा सराव चालला होता. गाडीत पेंटर एकटाच. आणि शेजारची सीट, बाईंची सीट, रिकामी.

फौजी गाडीच्या मागे उभे होते. दोन्ही हात वर, बोटं स्वतःकडे हलवत, ते पावलापावलानं मागे सरकत होते. त्यांच्यामागोमाग गाडी अशी येत होती, जशी धिटाई करून एखादी शेळी येते. पेंटरची नजर आरशातल्या फौजींवर खिळलेली. काठ्यांकडे तो बघतही नव्हता. गाडी दोन काठ्यांमध्ये अल्लद आली. डिकीवर थाप-थाप. गाडी थांबली.

बाईंच्या एका क्षणात लक्षात आलं. परीक्षेत मागे कोण उभं राहणार आहे?

त्यांनी तोंड उघडलं. अगदी शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात सावलीत बसलेली बँकेतली ओरडली, "बाई, बघा ना! सर किती सोप्पं करून टाकतात! तुम्ही मला तीन आरसे सांगत होतात, माझं डोकं फिरलं होतं!"

लेकीनं मान डोलावली. "बाबांच्या पद्धतीत तीन-तीन आरसे लागतच नाहीत."

बाईंनी तोंड मिटलं. फौजींच्या हातात चष्मा दिला. "विसरला होतात," म्हणाल्या, आणि चालत परत आल्या.

सांगायला नंतर वेळ मिळाला नाही असं नाही. भरपूर मिळाला. जेवताना मिळाला, झोपताना मिळाला. एकदा तर फौजींनीच विचारलं, "कसं वाटतंय गं तुला? तयार आहेत ना सगळे?" बाई कूस बदलत म्हणाल्या, "तुम्हाला जास्त माहीत." उद्या सांगू, असं त्या स्वतःला म्हणत. सकाळी उठून बघावं तर बापलेक गाडीभोवती फेरी मारत असत, आणि आमचा जोक, आणि हसणं. मग बाई चहा गाळत आणि गप्प बसत.

एका सकाळी पेंटर पुठ्ठ्यावर नवी पाटी काढून घेऊन आला. मोठ्या लाल अक्षरांत 'फौजी ड्रायव्हिंग स्कूल', कोपऱ्यात एक ट्रक.

"माझ्याकडून भेट," तो म्हणाला. "पास झालो की रंगवतो. बाई, राग मानू नका, पण 'सावकाश' म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, इथे शिकायला जन्म जाईल."

टेबलाभोवती सगळे होते. लेक पुठ्ठ्याकडे बघत होती, सासूबाई चहाकडे, फौजी जमिनीकडे. बाईंकडे कुणीच बघत नव्हतं.

"तू बघ," फौजी शेवटी म्हणाले. "तुला पटलं तरच."

"बघू," बाई म्हणाल्या. "आधी परीक्षा तर होऊ दे."

परीक्षेच्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. शिकवणाऱ्यांनी कुंपणाबाहेर थांबायचं, असा नियम. फौजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाईही आल्या होत्या. का आल्या होत्या ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. परीक्षा घेणारे साहेब आडव्या अंगाचे, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर जगाचा कंटाळा.

आधी गाडीभोवती फेरी. साहेबांच्या भुवया वर गेल्या. असं कधी कुणी केलं नव्हतं. मग आठचा आकडा, मग चढावर थांबवणं. चौघांचंही लोण्यासारखं झालं. साहेब कुंपणाकडे वळून म्हणालेसुद्धा, "कुणाकडे शिकले हो हे?" फौजींची छाती शर्टात मावेना. बाईंनी पदराचं टोक पिळून काढलं.

मग मागे घेणं. पहिला पेंटर. त्यानं रिव्हर्स गिअर टाकला आणि थांबला.

"घ्या मागे," साहेब म्हणाले.

"हो सर."

गाडी हलेना.

"अहो, घ्या ना. कशाची वाट बघताय?"

"सर, मागे कुणी नाही."

"कुणी नाही म्हणूनच घ्या ना! असतं तर घेऊ दिलं असतं का मी?"

पेंटर घामाघूम झाला. त्यानं आरशात बघितलं. आरशात दोन खांब होते, पण त्याला खांब बघायची सवयच नव्हती. आणि इकडे कुंपणाबाहेर फौजींचे दोन्ही हात आपोआप वर गेले. बोटं हलायला लागली. ये... ये... ये...

साहेबांनी शिट्टी फुंकली. "ओ, पांढरा शर्ट! हातवारे बंद करा! खुणा करून पास करता काय?"

फौजींनी हात खाली घेतले आणि पाठीमागे बांधले. पेंटरनं खांब पाडला. बँकेतलीनं दोन्ही पाडले आणि गाडीही बंद पाडली. दातांची डॉक्टर इतकी हळू आली, की साहेबांनीच कंटाळून तिला थांबवलं. शेवटी लेक. तिनं रिव्हर्स टाकला, मान वळवून कुंपणाकडे बघितलं. बाईंना वाटलं, बापाकडे बघेल. पण ती बघत होती आईकडे. अगदी लहानपणी पडल्यावर, रडायचं की नाही हे ठरवण्याआधी, जशी बघायची तशी.

मग खांब पडल्याचा आवाज झाला.

त्या दिवशी घरात सगळे फार गोड बोलत होते. सासूबाई म्हणाल्या, "ते खांबच वाकडे रोवले होते म्हणे." लेक म्हणाली, "ऊन डोळ्यांवर येत होतं."  फौजी बादली घेऊन गाडी धूत बसले. स्वच्छ गाडी पुन्हा स्वच्छ करत बसले. बाईंनी चहा नेऊन दिला. "ठेव तिथे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोन आले. बँकेतली म्हणाली, "बाई, तुम्ही असाल ना आता? तुमचे ते तीन आरसे..." दातांच्या डॉक्टरनं फार सभ्यपणे तेच विचारलं. पेंटरनं पुठ्ठ्याचा विषयच काढला नाही. हेच तर ऐकायचं होतं बाईंना! पण ऐकताना असं वाटत होतं, जसं कुणाच्या तरी ताटातलं उचलून खातोय.

आणि संध्याकाळी फौजींनी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवलाच नाही. गाडी बाहेरच, रस्त्याच्या कडेला लावली आणि किल्ली टेबलावर ठेवली. सासूबाई दाराशी उभ्या राहून वाट बघत होत्या, त्या तशाच आत आल्या आणि गुडघे धरून बसल्या.

सकाळी बाई उठल्या तर फौजी इस्त्री करत होते. टेबलावर तो टाय पसरलेला.

"कुठे निघालात?"

"त्या गोदामात जाऊन येतो. फाटकावरची जागा अजून भरली नसेल तर."

"पहारेकरी होणार?"

"उभं राहायला येतं मला," फौजी म्हणाले. "तेवढं चांगलं येतं."

बाई टेबलावरच्या किल्लीकडे बघत राहिल्या. ती त्यांच्या हाताजवळ होती. कुणाच्याही खिशात नव्हती. त्यांनी ती उचलली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"आधी माझ्याबरोबर चला. मैदानात."

"आता?"

"आत्ता. टाय राहू द्या, गाडीला लागत नाही."

लेक चप्पल घालून मागे येऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सासूबाईंनाही कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "मला घरात एकटीला काय करायचंय?" आणि लेकीला पलीकडे सरकवत चढल्या.  बाईंनी गाडी काठ्यांसमोर उभी केली, उतरल्या, फेरी मारून शेजारच्या सीटपाशी आल्या आणि फौजींना म्हणाल्या, "तिकडे. चाकावर."

त्या आपल्या सीटवर बसल्या. नवी चटई चुर्र वाजली.

"आता घ्या मागे."

फौजींनी रिव्हर्स टाकला. गाडी गुरगुरत उभी राहिली.

"मी उतरू का?" मागून सासूबाई. हात दाराच्या खटक्यावर.

"तुम्ही बसा."

"दोन थापा तर मारायच्या..."

"आजी, बस गं," लेक म्हणाली.

फौजींच्या कपाळावर घाम आला होता. "येत नाही असं नाही," ते म्हणाले. "येतं मला. पण पाय सुटत नाही. तिथे कसं होतं, जोडीदार उतरायचा, मागे जायचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. त्याची थाप आली की थांबायचं, त्याचा हात हलला की यायचं. आरशात काय दिसतंय याला किंमतच नाही. तो दिसतोय ना, मग झालं. तो नसला तर गाडी मागे न्यायचीच नाही. धुकं होतं म्हणून एकदा अर्धा दिवस तसाच बसून होतो मी." ते थांबले. "इथे आल्यापासून मागे कुणीच नाही गं. मुलाखतीला जातो, सगळे समोरून छान बोलतात. बाहेर पडलो की कळत नाही, येऊ का जाऊ. मग हे लोक मला सर म्हणायला लागले. वाटलं, चला, जमलं."

बाईंनी नाक ओढलं. मग ज्या आवाजानं अर्धं गाव गाडी शिकलं होतं त्या आवाजात म्हणाल्या, "आरसा! आधी डावा. काठी दिसते? दिसते ना? ती दाराच्या कडेला आली की चाक फिरवायचं. आता उजवा. क्लच सोडा. क्लच, क्लच, क्लच!"

गाडी हलली. बाईंचा पाय जादा ब्रेकवर होता, पण त्यांनी तो दाबला नाही. गाडी मागे मागे आली, वाकडी झाली, सरळ झाली, आणि एक काठी आडवी करून थांबली.

"एकच पडली," सासूबाई म्हणाल्या. "वाईट नाही."

"छान," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, हा शब्द त्यांनी या गाडीत कधी कुणाला दिला नव्हता.

फौजींनी इंजिन बंद केलं. चाकावरचे हात तसेच ठेवून आरशात बघत राहिले. आरशात ती आडवी काठी होती आणि तिच्यामागे मैदान.

"तू चष्मा घेऊन आली होतीस," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी. मी तिथेच उभा होतो, मागे. पेंटर आत होता. तू पाहिलंस."

बाईंनी जादा ब्रेकवरून पाय काढला.

"तुझ्या नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही. काठी बोटभर सरकली तरी तुला कळतं."

"उन्हात कुठलं लक्ष असतं माणसाचं," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "आणि तिचं पोट बरं नव्हतं त्या दिवसांत."

"बाबा, आईला गाळ्यात कामं होती," लेक म्हणाली. "लगेच गेली ती. तिनं नीट बघितलंच नसेल. हो ना आई?"

दोघी मागून अशा बोलत होत्या, जशी माणसं दार लोटून धरतात. बाईंना समोर काचेत दोघींचे चेहरे दिसत होते. लेकीचे डोळे परीक्षेच्या दिवशी होते तसेच होते. म्हणजे तिलाही माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं. गरम पाणी कुणी उगीच पाजत नाही.

"पाहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

उत्तरं बरीच होती. विसरले. फोन आला. तुम्हाला आवडलं नसतं. बाईंनी नव्या चटईवर टाच घासली. तिथे भोक पडायला अजून खूप वर्षं लागणार होती.

"हेवा वाटत होता मला. तुमचा," त्या म्हणाल्या. "ही सीट माझी होती, आणि तुम्ही बसलात, आणि सगळ्यांना तुम्हीच बरे वाटलात. म्हणून नाही बोलले. तुमचं एकूण एक माणूस नापास व्हावं असं मला वाटत होतं. हिच्यासकट."